कागदावरचा दुसरा प्रवासी

मित्रांनो, जपानमधल्या एका डोंगरातला रस्ता जिथे संपतो तिथे मी उभा आहे. मी बसथांब्याचा एक जुना खांब आहे. एक लोखंडी नळी, वर गोल पत्रा, खाली सिमेंटचा जड पाय, एवढाच काय तो माझा संसार. पत्र्यावर ‘कामिसावा’ असे गावाचे नाव आहे. त्याखालच्या काचेच्या चौकटीत पूर्वी वेळापत्रक असायचे. आता तिथे काय आहे, ते पुढे सांगेन.

माझा जन्म खाली शहरातल्या बस आगारात झाला. ज्या रंगाऱ्याने माझ्यावर नाव लिहिले त्याला त्या दिवशी सपाटून सर्दी झाली होती. शेवटच्या अक्षराला शिंक आली आणि ते जरा कलले. ते आजही तसेच आहे. मला इथे आणले तेही बसमधूनच. दोन्ही बाकांच्या मधल्या वाटेत मला आडवे झोपवले होते आणि लोक माझ्यावरून पाय टाकून जात होते. वाहक मोठा मिस्कील. त्याने माझ्या नावाचेही एक तिकीट फाडले आणि नळीला चिकटवले. पहिल्याच पावसात ते वाहून गेले, पण मी एकदा प्रवासी होतो ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

तेव्हा दिवसाला सहा बसगाड्या येत. शाळेची मुले माझ्या पायावर उड्या मारत, बायका अळंब्यांच्या टोपल्या मला टेकवून ठेवत. कोणी तरी शेजारच्या बाकावर घरी शिवलेल्या उशा आणून ठेवल्या. पलीकडच्या घरातले सेइकिची-सान (सान म्हणजे तुमचे ‘जी’) तर फारच हुशार. गुडघा दुखतो म्हणून दर वसंतात बर्फ वितळला की ते मला हातभर आपल्या दाराकडे सरकवत. वीस वर्षांत मी पंधरा-सोळा पावले चाललो! चालक मुराई-सान हसून म्हणत, “आमच्या मार्गावर बसपेक्षा थांबाच जास्त पळतो.”

मग शाळा बंद झाली. सहाच्या तीन बस झाल्या, तीनची एक, आणि शेवटी फक्त गुरुवारी एक छोटी बस, दहा जणांची. गावात पाच म्हातारी माणसे उरली. त्यांतल्या किनुयो-सान माझ्या सर्वांत जवळच्या. दर गुरुवारी बस यायच्या आधी त्या ओल्या फडक्याने माझा पत्रा पुसत. त्यांचे यजमान ताकेझो-सान शहरातल्या रुग्णालयात होते. डोक्यातली नस फुटल्यापासून ते कोणाला ओळखत नव्हते. पण किनुयो-साननी डब्यातून नेलेला अंड्याचा रोल त्यांच्या ओठांशी धरला की तोंड उघडत, आणि दुसऱ्या कोणाच्या हातून मात्र जेमतेम घास घेत. त्या एका घासासाठी किनुयो-सानचा सगळा आठवडा गुरुवारची वाट पाहत असे. मीही पाहत असे.

एके शरदात माझ्यावर एक कागद लागला. येत्या गुरुवारी अधिकारी बसने येऊन पाहणी करतील, ग्रामस्थांनी सहकार्य करावे, एवढेच त्यावर होते. पाचही जण माझ्याभोवती जमले.

“सहकार्य म्हणजे काय करायचं म्हणे?” सेइकिची-साननी विचारले.

“अहो, शहरातले चार-पाच साहेब येणार. बस केवढीशी! त्यांना बसायला जागा नको का?” किनुयो-सान म्हणाल्या. “आपण त्या दिवशी घरीच थांबू. एक गुरुवार नाही गेलं तर काही आभाळ कोसळत नाही.”

“आणि आपल्या पिशव्यांची अडगळ कशाला त्यांच्या पायात,” सेइकिची-साननी मान हलवली.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या वेळी ओरडलो असतो. पण खरे सांगायचे तर तेव्हा मलाही काही कळले नव्हते. उलट मला त्यांचा अभिमानच वाटला होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्याभोवतीची पाने झाडली, बाकावर पिकलेल्या नारिंगी पर्सिमन फळांची टोपली ठेवली, ‘कृपया घ्यावे’ अशी चिठ्ठी लावली आणि सगळे दारे लोटून घरात बसले. बस आली. साहेब उतरले. मुराई-साननी दोनदा, तीनदा भोंगा वाजवला. मला समोरची खिडकी दिसत होती. पडद्याआडून किनुयो-सान कमरेत वाकून नमस्कार करत होत्या. फळे आवडली म्हणून भोंगा वाजला, असे त्यांना वाटले.

“साहेब, दर वेळी असतात हो. आज कुठं गेले कोण जाणे,” मुराई-सान काकुळतीला आले.

“आम्ही जे दिसेल तेच लिहितो,” साहेब म्हणाले. त्यांनी कागदावर शून्य लिहिले आणि एक फळ उचलले.

चैत्रात बस बंद झाली. माझ्या चौकटीतले वेळापत्रक काढून नेले. मला मात्र कोणी नेले नाही, मी फार जड होतो. नवीन कागद आला. आता हवी तेव्हा छोटी गाडी घरापाशी येईल, फक्त आदल्या दिवशी दुपारपर्यंत इंटरनेटवरून नोंदणी करा. फोनवर बोलून गाडी मागवायची सोय नव्हती. आणि इंटरनेटची तार खालच्या गावापर्यंत येऊन थांबली होती. पाच घरांसाठी ती डोंगर कशाला चढेल?

किनुयो-सानना मुलाने दूरच्या शहरातून फोन पाठवला. घरात तो नुसता आरशाच्या कामाचा. माझ्या सिमेंटच्या पायावर चढून हात पत्र्याच्या वर नेला, तर कधी तरी सिग्नलची एक रेघ उमटे. त्या मला एका हाताने कवटाळून उभ्या राहत. “फिरतंय रे, नुसतं गोल फिरतंय,” असे मलाच सांगत. आणि चुकून इंटरनेट लागलेच, तर पडद्यावर प्रश्न येई, प्रवासी किती? त्या ‘एक’ लिहीत, थोडा वेळ बघत आणि पुसून टाकत. “एका जिवासाठी एवढी गाडी डोंगरावर चढवायची? लोक काय म्हणतील!” मग गुरुवारी चार किलोमीटर उतरून खालच्या गावातून गाडी पकडत.

हिवाळ्यात रस्ता कमरेएवढ्या बर्फाखाली गेला. लेक सेइकिची-सानना घेऊन गेली, त्यांचे दार बंद झाले आणि मला सरकवणारे कोणी उरले नाही. रस्त्यावर यंत्र येऊन बर्फ बाजूला करून जाई, पण त्या निसरड्या वाटेने चालत उतरणे शक्यच नव्हते. दोन गुरुवार बुडाले. रुग्णालयातून पत्र आले, ताकेझो-सान आता तोंडच उघडत नाहीत. ते पत्र किनुयो-साननी माझ्याशेजारी उभ्या राहून दोनदा वाचले.

त्या बुधवारी त्या माझ्या पायावर चढल्या. रेघ उमटली. प्रवासी किती? त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. सगळीकडे पांढरेच होते. मग माझ्यावरचा बर्फ झटकत त्यांनी लिहिले, दोन.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. चालवायला मुराई-सानच होते.

“आजी, दोन जण लिहिलेत. दुसरं कोण?”

किनुयो-साननी खाली मान घालून माझ्याकडे बोट केले. “एकटीसाठी वर बोलवायची लाज वाटली रे. रागावू नकोस.”

मुराई-सान गाडीतून खाली उतरले. “आजी, या लाजेपायीच आपली बस गेली. त्या दिवशी ते साहेब माणसं मोजायला आले होते. त्यांनी शून्य लिहिलं.”

किनुयो-साननी मान वर केली. “म्हणजे आम्ही जागा सोडली म्हणून... आणि ती पर्सिमनं?”

“खाल्ली. गोड आहेत म्हणाले.”

त्यांना हसू आले आणि डोळेही भरून आले. मुराई-साननी त्यांना हात धरून गाडीत बसवले. मग दोन तिकिटे फाडली. एक त्यांना दिले, दुसरे माझ्या रिकाम्या चौकटीत काचेमागे सरकवले.

“पुढच्या वेळी एकच लिहायचं, आजी. एक म्हणजे काही शून्य नव्हे.”

त्या दिवशी ताकेझो-साननी तोंड उघडले. परतल्यावर फडक्याने माझा पत्रा पुसताना किनुयो-साननी ते मला सांगितले. तेव्हापासून त्या न लाजता ‘एक’ लिहितात आणि मी पुन्हा नुसता खांब झालो आहे. तार अजून वर आलेली नाही. म्हणून दर बुधवारी सत्याऐंशी वर्षांची ती बाई माझ्या पायावर चढते, आणि तिचा पाय घसरू नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी मोजणारे साहेब होतील. रस्ता, गाडी, तार कुठवर न्यायची हे तुमच्या हाती असेल. तेव्हा थांब्यावर कोणी दिसले नाही, तर लगेच कागद भरू नका. दोन पावले चाला आणि दार वाजवा. आत कोणी तरी तुमच्यासाठी जागा सोडून बसलेले असेल.