खालच्याचा शब्द

घरं हलवणं हा आमचा धंदा. एक ट्रक, माझे दोन भाऊ आणि मी. कपाट जिन्यावरून उतरवताना एक जण वर असतो आणि एक खाली. वरच्याला धरून ठेवायचं असतं, बस. खालचा मात्र उलट्या पावलांनी उतरतो, सगळं वजन त्याच्या छातीवर येतं आणि मागची पायरी त्याला दिसत नाही. म्हणून खालचा ‘थांब’ म्हणाला की थांबायचं. का, कशाला, विचारायचं नाही. मग वर सख्खा बाप असो नाहीतर घरमालक. आमच्या वडिलांनी घालून दिलेला हा नियम आम्ही अजून मोडलेला नाही, आणि आमच्या घरात सगळ्यांची बोटं अजून जागेवर आहेत ती त्यामुळेच.

माझी भाची, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, याच जिन्यांवर वाढली. घरात तिला बारकी म्हणतात, कारण जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. आता दारातून येताना तिला मान झुकवावी लागते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मी तिची आत्या, त्यामुळे कौतुक जरा जास्त होईल. होऊ दे. कौतुक करण्यासारखी माणसं आमच्या घरात फार झालेली नाहीत.

या बारकीच्या डोक्यात सैनिकी अकादमी शिरली ती कॅप्टनमुळे. कॅप्टन म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा गृहस्थ. त्याचं सामान आम्हीच हलवलं होतं. अकादमीला जाऊ पाहणाऱ्या मुलांची तो तयारी करून घ्यायचा. तिथला अर्ज शाळेच्या शेवटच्या वर्षात एकदाच करता येतो. लागला तर लागला, नाहीतर ते दार कायमचं बंद. बारकीने ट्रकमध्ये बसून, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकावर टॉर्च ठेवून गणितं सोडवली. लेखी परीक्षा झाली. धावण्यात तर तिला कुणी गाठू शकत नव्हतं. आता राहिलं होतं निवडीचं शिबिर, आणि तिथेच सगळं अडलं.

शिबिरात मुलांचे गट पाडतात. दोन वासे, एक दोर, एक जड पिंप देतात आणि खड्ड्यापलीकडे न्यायला सांगतात. नेता कुणी नेमलेला नसतो. कोण पुढे होतं, कोण माणसं सांभाळतं, हे परीक्षक बाजूला उभे राहून बघतात. कॅप्टन आपल्या अंगणात खडूने खड्डा आखून हाच खेळ घ्यायचा. आणि आमची बारकी दर वेळी काय करायची? पिंपाचा जड भाग गुपचूप अंगावर घ्यायची आणि मूग गिळून उभी राहायची. बाकीची पोरं घसा फोडून हुकूम सोडत. त्यांतला एक तर असा होता, की त्याला सगळे भोंगाच म्हणत.

“अहो, ही मुलगी बोलतच नाही,” कॅप्टन मला म्हणाला. “परीक्षक हिच्या नावापुढे काय लिहितील? हमाल उत्तम?”

“उत्तम हमाल म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे का?” मी म्हणाले. “तुमच्या आरशाला चरा तरी गेला होता का?”

“नव्हता,” तो म्हणाला. “पण तिची निवड व्हायला हवीय. म्हणून बोलतोय.”

एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी फणकारत घरी आले आणि सगळ्यांना बसवून सांगितलं, की पोरीला हुकूम द्यायची सवय लावायची. दादा, म्हणजे बारकीचा बाप, बोलायच्या बाबतीत भिंतीसारखा. त्याने मान हलवली. धाकटा म्हणाला, “मला हुकूम द्यायला घरात एक आहे, अजून एक आली तर काय बिघडतंय?” त्याची बायको आतून भांडी आपटत असल्याचं ऐकू आलं.

दुसऱ्याच कामाला आम्ही बारकीला मुकादम केलं. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा पियानो तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचा होता. दादाने जाहीर केलं, “आज बारकी सांगेल तसं.” बारकी ताठ उभी राहिली, घसा खाकरला, तोवर धाकट्याने पियानोला रजया गुंडाळल्यासुद्धा. दादाने पट्टा खांद्यावर घेतला आणि खालची बाजू धरली. बारकी म्हणाली, “आता डावी...” पियानो डावीकडे वळलेला होता. ती म्हणाली, “जरा दार...” दार मी आधीच उघडून धरलं होतं. तिच्या मनात येण्याआधी आम्ही करून मोकळे होत होतो. वर आपण किती छान हुकूम पाळतोय म्हणून खूशही होत होतो. पियानो ट्रकमध्ये चढला तरी पोरीचं एक वाक्य काही पुरं झालं नव्हतं. बाई मला म्हणाल्या, “किती शांत आहे हो तुमची मुलगी!” बारकीचा चेहरा एवढासा झाला.

घरी येताना ती ट्रकमध्ये म्हणाली, “आत्या, मला जमणार नाही बहुतेक.”

मला तेव्हा कळलं. पन्नास ठिकाणी जिने उतरलेली माणसं आम्ही. एकमेकांचा श्वास ओळखतो. आमच्यात सांगायची गरजच पडत नाही, मग ती शिकणार कुठून? तिला हवी होती बेशिस्त, वटवट करणारी, अडाणी माणसं. आणि तशी मी एकाच ठिकाणी पाहिली होती.

कॅप्टनचे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून त्याचा वर्ग माडीवरून तळमजल्यावर आणायचा होता. तो आमच्याकडे आला. मी म्हणाले, “आम्ही हात लावणार नाही. दोर, पट्टे आमचे. हलवतील तुमचीच पोरं.” दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ट्रकच विकायला काढलाय. कॅप्टन मात्र खो खो हसला. “बघू या,” म्हणाला.

त्या दिवशी दादाला गप्प बसवणं सोपं होतं, हात आवरायला लावणं कठीण. मी त्याला खाली जिन्याच्या तोंडाशी एका खोक्यावर बसवला. वर पोरांचा बाजार भरला होता. लोखंडी कपाट आधी उतरवायचं ठरलं. बारकी म्हणाली, “आधी खण काढून घेऊ या.” म्हणाली कसली, पुटपुटली. कुणाला ऐकू गेलं नाही. खालच्या बाजूला भोंगा गेला, कारण तिथे उभं राहिलं की आपण शूर दिसतो असं त्याला वाटलं. बारकी वर राहिली.

वळणापर्यंत कपाट आलं ते केवळ नशिबाने. वळणावर ते तिरकं झालं आणि वरचा खण सरकून भोंग्याच्या हनुवटीखाली रुतला. भोंगा कपाट आणि भिंत यांच्यामध्ये. त्याचा मागचा पाय हवेत पायरी शोधत होता. “थांबा,” तो म्हणाला. एरवी गल्ली गाजवणारा पोरगा, पण आवाज निघाला तो मांजराच्या पिल्लाचा. वर सगळे ओरडत होते. “उचला!” “ढकला!” “डावीकडे, डावीकडे!” दादा खोक्यावरून उठून धावला. पोरीचं भलं करायला गेले आणि दुसऱ्याच्या पोराचा जीव घेते की काय, असं वाटलं.

“गप्प!”

जिना दणाणला. “सगळे गप्प! खालचा बोलतोय!”

बारकीच होती ती. दादाचा पाय पहिल्या पायरीवर होता तो तिथेच थिजला. पोरं चिडीचूप झाली. कॅप्टन वर दारात उभा होता, त्याचं तोंड उघडं राहिलं.

“बोल,” ती भोंग्याला म्हणाली. आवाज आता खाली आला होता, पण प्रत्येकाला ऐकू जात होता. “घाई नाही. कपाट आम्ही धरलंय. तुला काय हवंय?”

“पायरी... मागची पायरी सापडत नाही. आणि हा खण.”

“वरचे दोघं, पट्टा ताणून धरा, पाय कठड्याला लावा. माझ्या बाजूचा, तू वाकून खण बाहेर ओढ. आणि कठड्याशी आहेस तो, तू त्याला मागची पायरी सांग, दुसरं काही बोलू नकोस. हा चल म्हणेल तेव्हाच चालायचं. मी म्हणेन तेव्हा नाही, हा म्हणेल तेव्हा.”

मग जिन्यात फक्त दोन आवाज राहिले. एक म्हणत होता, “अजून थोडं मागे, हां, टेक.” आणि भोंगा म्हणत होता, “चल... थांब... चल.” कपाट खाली आलं. दादाने वाटेतून बाजूला होताना त्याला बोटसुद्धा लावलं नाही. माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातातलं कपाट नुसतं बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

भोंगा रस्त्यावर फतकल मारून बसला. “तुझा आवाज एवढा आहे?” त्याने बारकीला विचारलं.

“मला पण आत्ताच कळलं,” ती म्हणाली.

कॅप्टन कठडा धरत खाली आला. “मी हिला उगाच ओरडायला शिकवत होतो,” तो मला म्हणाला, आणि मग बारकीकडे वळला. “तिथे हेच कर. वजन कुणावर आहे ते बघ, त्याला विचार आणि बाकीच्यांना ऐकायला लाव. फौजेत हे शिकायला लोकांना वर्षं लागतात. काहींना तर शेवटपर्यंत येत नाही.” मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, हमाल उत्तम वगैरे. पण तो इतका खूश होता, की मी चहा करून दिला.

पुढे बारकी त्याच्या अंगणात रोज गेली. आता भोंगा आणि ती आलटूनपालटून खाली-वर राहत. दोघांनाही शिबिराचं बोलावणं आलं.

शिबिरातून ती परतली ती नाक सोललेलं आणि गुडघा फुटलेला घेऊन. सांगेल तर शपथ. मग दोन दिवसांनी, ट्रकमध्ये, आपणहून बोलली. तिच्या गटात सगळेच सेनापती होते. वाशाचं टोक एका किडकिडीत मुलीच्या खांद्यावर होतं आणि तिचे पाय लटपटत होते. “मी म्हटलं थांबा, हिला काय म्हणायचंय ते ऐका. तेव्हा एका परीक्षकाने मान वर केली.”

“मग?”

“मग काही नाही. खाली घातली.”

मुलाखतीत तिला विचारलं, तुझं मोठं अपयश कोणतं. तिने पियानो सांगितला. परीक्षक हसायला लागले म्हणे. “हसले म्हणजे गेलंच ना गं, आत्या?” तिने विचारलं. मी म्हटलं, “पियानोवर न हसणाऱ्याच्या हाताखाली काम तरी करू नकोस.” पण आतून माझंही धाबं दणाणलं होतं. दादा त्या दिवसांत जेवताना नुसता ताटाकडे बघत बसायचा.

निकाल आला तेव्हा आम्ही एक फ्रिज उतरवत होतो. बारकी खाली, दादा वर, आणि बारकीचा फोन माझ्याकडे. तो वाजला. मी वाचलं. पुन्हा वाचलं. “बारके!” मी किंचाळले. “अगं...”

“थांब!” ती खालून ओरडली.

आता नियम म्हणजे नियम. मी ओठ मिटले. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नसेन. फ्रिज एकेक पायरी उतरत होता. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी फोन पदराखाली धरून उभी होते आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला काही दिसत नव्हतं. फ्रिज जमिनीला टेकला, तिने पाठ सरळ केली आणि म्हणाली, “हं, आता बोल, काय?” धाकट्याने रस्त्यातच नाचून घेतलं. भोंग्याचाही नंबर लागला होता. संध्याकाळी तो आमच्या दारात येऊन बारकीला सलाम ठोकून गेला.

ती निघाली त्या दिवशी सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. एकट्याने बगलेत मारून न्यावी इतकी हलकी. तरी दादाने पट्टा काढला, खांद्यावर टाकला आणि खालची बाजू धरली. बारकी वर राहिली. बाहेर गाडी येऊन उभी होती. कॅप्टन फाटकाशी होता. मी आणि धाकटा खाली दारात.

मधल्या वळणावर दादा म्हणाला, “थांब.”

पायरी रुंद होती. पट्टा सरळ होता. वजन तर काहीच नव्हतं. धाकटा काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडत होता, मी त्याला चिमटा काढला. दादा ट्रंकेला छाती लावून उभा होता आणि वर लेकीकडे बघत होता.

बाहेर गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा एकदा दिला. बारकीने का म्हणून विचारलं नाही. खालचा ‘चल’ म्हणेपर्यंत ती ट्रंक धरून तशीच उभी राहिली.