हळदीच्या गावचा शंख

चैत्र तोंडावर आला होता. सोनवडीच्या शिवारात शिजलेली हळद उन्हात पसरली होती. खळ्याखळ्यांवर पिवळा प्रकाश, वाऱ्यावर पिवळा गंध, वासरांच्या खुरांवर पिवळी धूळ. पळस पेटला होता, कडुनिंब मोहरला होता, कोवळ्या पानांतून ऊन हिरवे होऊन ओघळत होते. अशा ऐन वसंतात गाव मात्र दारे लावून बसले होते. जगभर हिंडणारी साथ ओढा ओलांडून गावात आली होती.

गावाच्या माथ्यावर भैरोबाचे देऊळ, देवळापुढे दगडी चौथरा, आणि त्या चौथऱ्यावरून शंख फुंकणारा शिदू गुरव. शुभ्र शंख, सावळा शिदू, आणि त्याच्या छातीतून उठून डोंगराला भिडणारा तो दीर्घ, धीरगंभीर, मेघमंद्र नाद! पाडव्याच्या पहाटे शंख वाजल्याशिवाय सोनवडीत एकही गुढी उभी राहत नसे. नाद विरायच्या आत अंगणाअंगणात गुढ्या चढायच्या, अशी गावाची रीत होती.

त्याच शिदूला साथीने गाठले. ताप आला तसा गेला, पण जाताना दम घेऊन गेला. माजघरातल्या अंथरुणावरून खिडकीशी यायचे तर भिंतीचा आधार घ्यावा लागे. खुंटीवरचा शंख दिसला की तो तोंड फिरवी. पाडवा जवळ आला होता, आणि विलगीकरणात त्याच्याजवळ जाता येत नसे, म्हणून त्याची बायको हौसा पहाटे उठून दाराबाहेरून त्याच्या श्वासाला कान लावून बसे. शंख मुका राहिला तर गुढ्यांचे काय, हा गावाचा घोर. हौसाचा घोर त्याहून मोठा होता. शंख मुका राहिला, तर हा माणूस मनाने पुन्हा उठायचा नाही, हे ती पुरते जाणून होती.

गाव हळदीचे, तेव्हा गावाने माया केली तीही हळदीनेच. सूर्य उगवतो न उगवतो तोच परसाच्या भिंतीवर लोटे येऊन बसत. हळदीचे दूध, हळदीचा काढा, हळदीत मिरी, हळदीत सुंठ, हळदीत आणखी हळद! जो तो म्हणे, गुण आहे तो आमच्या वाफ्यातल्या हळदीला. शेजाऱ्याची हळद म्हणजे नुसता रंग. आणि सोनवडीत दारी आलेल्या हळदीला नाही म्हणत नाहीत. हळद परतवली तर सौभाग्यही माघारी जाते, हे तिथे लेकींना पाळण्यातच ऐकवतात. शिदू देवाचा भोळा माणूस. डोळे मिटून लोट्यामागून लोटा रिचवत राहिला. ओठ पिवळे, नखे पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा! पोटात आगडोंब उसळला, अन्नावरची वासना उडाली, झोप परागंदा झाली. रोग परवडला, पण गावाची माया आवरा, अशी गत झाली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई फोनवर आधी हसल्या, मग रागावल्या. "अहो, हळद चिमूटभर पुरे. त्यांना जेवू द्या, झोपू द्या, सकाळचं ऊन लागू द्या. उपाशी छातीत दम येईल कुठून?"

हौसाने पदर तोंडावरून घट्ट बांधला आणि ती परसाच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. नेमकी तेव्हाच ओढ्यापलीकडची बायडाक्का लोटा घेऊन आली होती. गावातली सर्वांत नावाजलेली हळद तिची, आणि सर्वांत तिखट जीभही तिचीच.

"अक्का, ह्यो लोटा माघारी न्या." हौसाचा आवाज कापला, पण शब्द मागे फिरला नाही. "पोटात आग पडलीया त्यांच्या. आता हळद नगं."

"हळद माघारी धाडतीस? आन् ती बी माझी?" बायडाक्काचे डोळे इंगळासारखे फुलले. "पुन्यांदा तुझ्या दारात आले तर नाव बदलीन!"

ती ओढ्याकडे निघाली, ताठ, तरातरा. लोट्यातले दूध वाटेवर सांडत गेले, आणि हौसा त्या पिवळ्या थेंबांकडे बघत राहिली. आपण सौभाग्यच माघारी धाडले की काय? ती धावत दाराशी आली, कान लावला. आत श्वास चालू होता; थकलेला, पण चालू. तेवढ्या आधारावर ती सावरली. भिंतीवर उरलेल्या लोट्यांचे पिवळे पाणी तिने उंबऱ्याला शिंपले आणि चिमूटभर हळद दारातूनच शिदूच्या हातावर टाकली. त्याने ती कपाळाला लावली आणि तो हसला. "पन्नाशीत दुसऱ्यांदा हळद लागली म्हनायची!" दुखणे आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

मग दिवसांना चव आली. मुगाचे कढण आले, ज्वारीची आंबील आली, लसणाच्या फोडणीचा वास शिदूच्या नाकाला ओळखू आला. सकाळी खिडकीतले कोवळे ऊन त्याच्या पाठीवर बसे, दुपारी गाढ झोप पापण्यांवर. हौसाने पपईच्या पानाच्या देठाची पोकळ नळी कापून दिली. त्या नळीने तो तांब्यातल्या पाण्यात फुंकर घाली. प्रथम एखादा केविलवाणा बुडबुडा उठे. मग बुडबुड्यामागे बुडबुडा, मग बुडबुड्यांची माळ, आणि एके सकाळी अख्खा तांब्याच गुणगुणू लागला! उंबऱ्याबाहेर बसलेली हौसा ते ऐकून पदरात तोंड घालून रडली.

पाडवा उजाडला. विलगीकरण सरले होते. पूर्वेला कुंकवाची रेघ, आंब्यात कोकीळ, वाऱ्यात गारवा. शिदू पायरीपायरीवर थांबत चौथऱ्यावर चढला. मागे धुतलेला शंख घेऊन हौसा. खाली अंगणाअंगणात तोंड बांधलेली माणसे काठ्या धरून उभी होती, माना वर करून.

त्याने शंख ओठाला लावला. नुसती हवा गेली.

खाली काठ्या तशाच आडव्या राहिल्या. हौसा त्याच्याजवळ सरकून म्हणाली, "दमानं. तांब्यात फुंकता तसं फुंका."

आणि शंख बोलला! आखूड, कापरा, पण बोलला! सळसळत गुढ्या चढल्या. हिरवी, जांभळी, केशरी वस्त्रे, उपडे तांबे, साखरेच्या गाठी, कडुनिंबाचे डहाळे. गाव रंगांनी उसळले. ओढ्यापलीकडचे एकच अंगण रिते राहिले.

"तिकडं पोचला न्हाई आवाज," शिदू खचून म्हणाला. हौसाने बायडाक्काच्या त्या रित्या अंगणाकडे पाहिले. आवाज नव्हे, तिने परतवलेली हळद आड आली होती, असे तिला वाटले, आणि तिचे डोळे भरले.

शिदूने पाय रोवले. डोळे मिटले. सारा चैत्र, सारा मोहर, सारी पहाट त्याने छातीत ओढून घेतली आणि फुंकली. नाद उठला, भरला, डोंगराला भिडला, परत आला, तरी शंख वाजतच होता! आणि ओढ्यापलीकडे हळदी रंगाचे लुगडे मिरवत एक गुढी आभाळात चढली.

"पयलाच आवाज आयकला हुता रं!" बायडाक्काची खणखणीत हाक आली. "दम किती आलाय त्ये बघत हुते! आन् हौसे, दुपारी पुरनपोळी घिऊन येतीया. नाव बदलून!"

हौसा हसली, रडली, पुन्हा हसली. शिदू चौथऱ्यावर टेकला होता, छाती भरून श्वास घेत होता. आणि ओढ्यापलीकडे, कोवळ्या उन्हात, ते पिवळे लुगडे वाऱ्याने फुगत होते, निवत होते. फुगत होते, निवत होते.