काटकोनाने ओढलेली फीत

दर रविवारी सकाळी काटकोन माझी दाढी करायला यायचा. हे नाव आम्ही तुकडीत पाडलेलं. स्वतःचे बूट तो फूटपट्टी लावल्यासारखे ठेवायचाच, पण दुसऱ्याच्या पांघरुणाची घडी वाकडी दिसली तरी उलगडून पुन्हा घालायचा. मला सगळे मुंगळा म्हणायचे. मी दिवसभर पोटावर सरपटायचो आणि एकदा चिकटलो की सुटायचो नाही.

आमचं काम जोडीचं होतं, जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं. मी पुढे पालथा, हातात बारीक सळई. दोन-दोन बोटांवर ती तिरकी टोचत जायचं. मागून काटकोन. मी तपासलेल्या जमिनीच्या दोन्ही कडांना तो पांढरी फीत लावायचा. फितीच्या आत कुणीही बेलाशक चालावं, बाहेर बोटही टेकवू नये. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, असा नियम होता. आणि बघायचं कशाला? मागे काटकोन होता ना.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी पाणी प्यायला मी त्याच वाटेने परत निघालो आणि सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्यापासून गेला, दोन्ही डोळे गेले. हात तेवढे शाबूत राहिले. इस्पितळात काटकोन माझ्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडत होता.

"माझ्याकडूनच एक राहिला रे," मीच त्याला म्हणालो.

त्याने नुसता हात घट्ट धरला. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे.

तेव्हापासून ती चूक माझ्या छातीवर बसली होती. चादरीवर बोटांनी ती वाट मी हजारदा टोचून काढली. कुठे राहिला, काही केल्या सापडायचा नाही. मग एक जिद्द धरली. सुरुंगाच्या शाळेत शिक्षक व्हायचं. सळईच्या टोकाला माती लागली की पत्रा, हे बोटांना कळतं. त्याला डोळे कशाला हवेत? मी चुकलो ते चुकलो, पण नवीन पोरं तरी चुकायला नकोत. याखेरीज मला कुणाकडून काही नको होतं.

"अर्जाबिर्जाचं माझ्यावर सोड," काटकोन म्हणाला. "तू कुठे खेटे घालणार?" तो तेव्हा फौजेच्या कोठारात कामाला होता, निदान मला तरी तसंच सांगायचा. तीन अर्ज त्यानेच भरले, उत्तरंही त्याच्याच पत्त्यावर यायची. "विचार चालू आहे म्हणतात," तो वाचून दाखवायचा. डोळे झाकून विश्वास ठेवायचा म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर मात्र कुणा कारकुनाने चुकून आमच्या घरी धाडलं. माझी थोरली बहीण शिवणाच्या कारखान्यातून शनिवारी घरी आली, तिने पाकीट फोडलं.

"'यापूर्वी दोनदा कळवल्याप्रमाणे,'" ताईने वाचलं, "'अपघात आपल्याच निष्काळजीपणामुळे झाला असल्याने शिक्षकपदासाठी आपला विचार करता येत नाही.' सोबत चौकशीतला जबाब आहे. 'फीत नियमाप्रमाणे लावली होती. जखमी जवान फितीबाहेर गेला.'"

"फितीबाहेर? मी? सही कुणाची आहे?"

कागद सळसळला.

"ताई, सही कुणाची?"

"तुझी दाढी करतो त्याची."

जबाबाला नकाशा जोडलेला होता. ताईने माझं बोट धरून त्यावरून फिरवलं.

"ही फीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ."

"दगडापाशी वळण नाही?"

"नाही. दगड फितीच्या आत आहे. सुरुंगाची फुली बाहेर."

तो दगड मला चांगला आठवत होता. त्याला वळसा घालून मी पुढे गेलो होतो, त्याच्या पलीकडे माझी सळई लागलीच नव्हती. फीत तिथे वाकायला हवी होती, दगड बाहेर ठेवून; सरळ ओढली की न तपासलेली जमीन आत येणार. काटकोनाने नकाशात फुली बाहेर सरकवली, पण दगड जिथल्या तिथे, बिनचूक काढला. माझ्याकडून एकही सुरुंग राहिला नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली, आता तळपाय एकच असला तरी.

दुसऱ्या दिवशी तो आला. ताई बाजारात गेली होती. कागद टेबलावर होता, त्यावर त्याने वस्तऱ्याची डबी ठेवली असणार. फेस लावला, डावा गाल झाला.

"दगडापाशी फीत सरळ कशी होती रे?"

वस्तरा गालावर थांबला.

"वाकडी दिसत होती," तो म्हणाला. "साहेब पाहणीला येणार होते. मी नुसती ओढून सरळ केली. हातभराचा फरक होता, मुंगळ्या."

"आणि दोन वर्षं मूग गिळून बसलास? मी रोज स्वतःला शिव्या घालत होतो, ते ऐकत होतास?"

"सांगितलं असतं तर नोकरी गेली असती."

"कोठारातली?"

"कोठारात नसतो मी. शाळेत शिकवतो. वर्ष झालं."

"काय शिकवतोस?"

"फीत लावायला." त्याचा आवाज पडला. "पहिल्या तासाला तुझी गोष्ट सांगतो. फितीबाहेर गेलं की काय होतं, ते पोरांना कळायला हवं ना. नाव नाही घेत तुझं."

ज्या वर्गात उभं राहायला मी तडफडत होतो, तिथे हा मला दर तुकडीपुढे मूर्ख म्हणून उभा करत होता.

"उद्या मला तिथे ने," मी म्हणालो. "हा नकाशा घेऊन. त्या पोरांसमोर बोल."

त्याने उजवा गाल केला, हनुवटीखालीही नीट केलं, टॉवेलने तोंड पुसलं. मग डबी उचलल्याचा आवाज आला. मागोमाग कागदाची घडी घातल्याचा. एक घडी, मग दुसरी, अंगठ्याने दाबून.

"तो कागद ठेव खाली," मी म्हणालो.

"कुठला कागद?" काटकोन म्हणाला.