आबांचं डोकं

शिल्पकलेच्या वर्गातला पहिलाच मोठा अभ्यास होता: घरातल्या कुणाचंतरी डोकं करायचं, फोटो न बघता, नुसत्या आठवणीतून. स्नेहलनं आबांचं, म्हणजे वडिलांचं डोकं घेतलं. लाकडी खांबावर तारेचा सांगाडा बांधला, त्यावर माती चढवली आणि पोरगी चार दिवस मान मोडून राबली.

नंदिनी मॅडमनी फिरतं टेबल सावकाश फिरवलं. मागची बाजू बघून त्या हरखल्याच. मानेवरच्या दोन वळ्या, उजव्या कानामागचा मस, टोपीनं दाबलेले केस, सगळं जिथल्या तिथं! मग चेहरा पुढं आला आणि मॅडमचा चेहरा उतरला.

"मागून जिवंत माणूस आणि पुढून साच्यातला मुखवटा? आठवण पुरत नसेल तर माणूसच समोर बसव. शनिवारी असंच दिसलं तर पुढच्या वर्षी तुला शिल्प घेता येणार नाही."

स्नेहलला रडायचंच बाकी राहिलं. दुसरं काही शिकायचं तिच्या मनातही नव्हतं. पण चूक कुठं झाली ते तिला लगेच कळलं. डेअरीला दूध घातलं की आबा तिला मोटरसायकलवरून कागलच्या स्टँडवर सोडायचे. सात वर्षं ती त्यांच्या पाठीमागं बसत आली होती. आणि घरात वडिलांच्या तोंडाकडं टक लावून बघायची रीतच नव्हती. आबा जेवायला बसले की पोरांची नजर आपापल्या ताटात.

शुक्रवारी स्टँडवर ती उतरलीच नाही. "आबा, आज वर्गात चला की. माझ्यासमोर बसायचं हाय तुम्हाला."

"मी काय पुढारी हाय व्हय, पुतळा करायला?" सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडत त्यांनी गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला घातली.

स्टुलावर ते सत्काराला बसल्यासारखे ताठ बसले. टोपी काही काढेनात. शेवटी मॅडमनी हात जोडले तेव्हा कुठं उतरली. स्नेहलनं मापाचा मोठा कंपास गालांना लावला, तसे आबांनी डोळे गच्च मिटले.

"डोळं उघडा की."

"तू अशी बघाय लागलीस की लाज वाटती गं. तुझ्या आईनं बी एवढं निरखून बघितलं न्हाय कधी!"

वर्ग खो खो हसला. आबाही हसले, आणि हसताना त्यांच्या गालाला पडणारी खोल घडी स्नेहलला पहिल्यांदा दिसली. तिथून तिचा हात सुटला. डोळ्यांखालच्या पिशव्या, ओघळलेली पापणी, आत बसलेले गाल. दिसलं ते तिनं घातलं, झाकलं काहीच नाही. आपला बाप आपल्याला किती आवडतो हे तिला मातीत हात असतानाच उमगलं.

संध्याकाळी मॅडमनी टेबल पूर्ण फिरवलं. "शनिवारची गरज नाही. जमलं."

मग आबा उठून मातीच्या डोक्यासमोर उभे राहिले. एरवी गाव दणाणून सोडणारा माणूस, पण आवाज पार खाली आला.

"स्नेहल, ह्यो एवढा म्हातारा कवा झाला गं?"

तिलाही ते आजच दिसलं होतं. मातीचा हात न पुसताच तिनं त्यांचा हात धरला.