दोनशे ग्रॅमची झोळी

टिक्!

घर अजून झोपलेलं होतं. गॅसवर दूध ठेवलेलं होतं आणि टेबलापाशी सिस्टर एकटीच बसली होती. त्या शांततेत माझा लोखंडी आकडा भिंतीवरच्या फरशीला हळूच लागला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तो आवाज माझाच. मी एक जुना वजनकाटा आहे. साखर-तांदूळ तोलणारा नव्हे हं! मी बाळं तोलली आहेत. ताटलीएवढा माझा चेहरा, त्यावर शून्य ते पंचवीस किलोंचे आकडे, एक लाल काटा, पोटात स्प्रिंग आणि खाली लोंबणारा लोखंडी आकडा. खालच्या आकड्याला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं, की वरचा आकडा बोलतो. एवढंच माझं काम.

कारखान्यात मला लोखंडी वजनं लावून तपासलं होतं. ती गप्प लटकायची. मग मी आरोग्य केंद्रात आलो आणि पहिलं बाळ माझ्या आकड्याला लागलं. दोन किलो नऊशे. पण काटा स्थिर राहीना! बाळानं श्वास घेतला की तो थरथरायचा, पाय झाडले की नाचायचा. वजन जिवंत असतं हे मला तेव्हा कळलं. महिन्यानं तेच बाळ परत आलं, तीन किलो सहाशे! नुसतं दूध पिऊन एवढ्याशा जिवानं सातशे ग्रॅम कुठून आणले? मी थक्क झालो. मित्रांनो, हजारो बाळं तोलली, पण तो अचंबा काही ओसरला नाही.

ही सिस्टर त्याच केंद्रातली नर्स, माझं फार कौतुक करायची. रोज सकाळी माझी काच पुसायची. घाबरलेल्या आयांना सांगायची, "आमचा काटा खोटं बोलत नाही बरं का."

माझी जुनी झोळी पातळ होती. थंडीत बाळं तिच्यात ठेवली की दचकून रडायची. सिस्टरला पाहवेना. तिच्या लेकीची, मुंगीची, लहानपणीची मऊ रजई घरात पडून होती. सुट्टीच्या दिवशी मुंगीला झोपवून तिनं त्या रजईची दुहेरी झोळी शिवली. केंद्रातल्या मदतनीस मावशी झोळीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सिस्टर, एकदा मलाच बसवा की हिच्यात!"

"मावशी, काटा पंचवीसपर्यंतच आहे."

"असू दे मेला. मला कुठे खरं वजन ऐकायचंय!"

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच बिघडलं. नियम असा आहे की आधी रिकामी झोळी अडकवायची, माझ्या डोक्यावरची चकती फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि मगच बाळ ठेवायचं. पण रांग मोठी असायची. मावशी बाळाला टेबलावरच झोळीत गुंडाळायच्या आणि झोळीसकट उचलून मला लावायच्या. बाळ रडायचं नाही, काम झटपट व्हायचं, सगळे खूश. नवी झोळी रिकामी असताना काटा कुठे उभा राहतो, हे मात्र कुणी पाहिलंच नाही.

असे नऊ महिने गेले.

मग एके दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मुंगी आईबरोबर केंद्रात आली. वय वर्षं सहा आणि तोंडाला टाळं नाही. आईच्या पिशवीतली मिठाची पुडी तिनं झोळीत निजवली, अंगाई म्हटली आणि मावशींकडून मला लावून घेतली.

"आई, मीठ जाड झालंय!"

"काय?"

"पुडीवर एक किलो लिहिलंय. काट्यावर एक आणि वर दोन रेघा."

सिस्टर हसत आली आणि हसू तिच्या ओठांवरच थिजलं. तिनं मीठ काढून नुसती झोळी लावली. काटा दोनशे ग्रॅमवर उभा राहिला.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. माझ्यावर जेवढा भार पडेल तेवढा मी सांगतो. त्यात बाळ किती आणि माया किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तिची माया दोनशे ग्रॅम भरली होती, आणि नऊ महिने ती प्रत्येक बाळाच्या नावावर चढत होती.

त्या दिवशी सिस्टर जेवली नाही. तिनं नोंदवही उघडली आणि प्रत्येक वजनातून दोनशे ग्रॅम वजा केले. वाढीच्या तक्त्यात हिरवा पट्टा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे बाळाकडे लक्ष द्या. अकरा बाळं हिरव्यातून पिवळ्यात घसरली. तिनं स्वतःहून मोठ्या डॉक्टरांना सांगितलं आणि ती दारोदार फिरली. दहा बाळं सापडली. औषध, खाणं, पाठपुरावा सगळं झालं, दहाही सावरली. अकराव्याच्या दाराला कुलूप होतं. आईबाप बांधकामावरचे मजूर, कामामागे दुसरीकडे गेले होते. सिस्टर तीन वेळा जाऊन आली. कुलूप तेच.

पुढे केंद्रात बॅटरीचा नवा काटा आला. माझ्यावर 'बाद' असा शिक्का बसला आणि मी अडगळीत गेलो. तिथं धूळ खाताना वाटायचं, संपलं आपलं. पण सिस्टरनं रीतसर अर्ज करून मला मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात टांगलं.

मग दुसरा अर्ज आला. नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करता येईल असा अभ्यासक्रम, जागा फक्त पाच. पदव्युत्तर पदवी तिनं मुंगी पोटात असतानाच मिळवली होती. मोठ्या डॉक्टरांनी शिफारसपत्र दिलं, केंद्राची परवानगी मिळाली. राहिलं होतं एकच पान: 'तुम्हाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे, आणि ते तुम्हीच का शोधावं?'

ते पान तिनं चोरलेल्या वेळात लिहिलं. दूध तापेपर्यंत चार ओळी, मुंगीच्या आंघोळीआधी दोन. पहिल्या खर्ड्यात 'माता व बालकांचा सर्वांगीण विकास' असे जड शब्द होते. कॉलेजात शिकवणाऱ्या तिच्या नणंदेला ते फार आवडले. अर्ज पाठवायच्या दिवशी, सकाळी, माझा आकडा टिक् वाजला तेव्हा सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, ते सगळं खोडलं आणि झोळीची गोष्ट लिहिली.

नणंदेनं फोनवर ऐकून कपाळाला हात लावला असावा. "वहिनी, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! लोक मार्कशीट जोडतात, तू चूक जोडतेस? एवढं वर्षभर राबलीस ते घालवायला?"

"ताई, माझ्याकडे दुसरा खरा प्रश्नच नाही हो. माझ्यासारख्या किती केंद्रांत किती झोळ्या असतील?"

"आणि घेतलं नाही तर?"

गॅसवरचं दूध उतू गेलं.

मुलाखत लॅपटॉपवर झाली, आणि मी तिच्या मागे भिंतीवर. माझी स्प्रिंग ताणलेली! पलीकडच्या वयस्कर बाईंनी चष्मा वर करून मला न्याहाळलं. "हाच का तो?"

"हो मॅडम."

"तुम्ही लिहिलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं."

"म्हणूनच लिहिलं. बाळं तक्रार करत नाहीत."

बाळं तोलताना मी पुष्कळ नवल पाहिलं होतं, मित्रांनो. पण माणूस स्वतःची चूक आकड्याला लावून, न डगमगता वाचतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ते वजन माझ्या पंचवीसात बसलं नसतं.

माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. काटे पुसा, पण आधी शून्यावर आणा. मायेनं काही केलंत तर तेही एकदा तोलून बघा.

काल निकाल आला. पाच नावांत तिचं नाव होतं. तिनं मुंगीला उचलून गिरकी घेतली.

"म्हणजे तू आता डॉक्टर?"

"चार-पाच वर्षांनी."

"सुई टोचणारी?"

"नाही गं. प्रश्न विचारणारी, आणि उत्तरं शोधणारी."

"मग मी विचारू?" मुंगीनं हात लांब करून माझा आकडा धरला. काटा थरथरला. "आई, त्या अकराव्या बाळाचं वजन आता कोण करतं?"