चौपट

“इंगळे, तुम्ही या. गोळीचा वेग क्षणोक्षणी कमी होतोय, म्हणजे तेलाचा विरोधही कमी होतोय. मग पुढे काय मांडाल?”

काळमेघ सरांनी खडू पुढे केला. चंद्रभान फळ्यापाशी गेला. तेलातून जाणाऱ्या गोळीच्या चित्राकडे बघत राहिला आणि शेवटी शाळेत घोकलेलं वेगाचं समीकरण त्यानं लिहून टाकलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“प्रवेग कायम असता तर बरोबर होतं,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त घाई होती. “बसा. घरी बघून या.”

घाई सगळ्यांनाच होती. अमरावतीच्या त्या कॉलेजानं वर्षभराचं भौतिकशास्त्र, तेही कलनासकट, मे-जूनच्या एका उन्हाळी वर्गात कोंबलं होतं. एक दिवस चुकला की एक अख्खा धडा गेला. वर्गातली बाकीची मुलं पहिल्या वर्षाला विषय राहिलेली, विशी न ओलांडलेली. चंद्रभान चव्वेचाळिसातला. अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. बारावीला त्यानं गणित सोडलं होतं, आणि ते आता असं वाट अडवून उभं राहील हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

दवाखान्यात कॅन्सरवर किरणांचे शेक देणारं मशीन येणार होतं. ते चालवायचं शिक्षण घ्यायला नागपूरला एकालाच पाठवणार होते, आणि त्यासाठी हा पेपर पास हवा होता. चंद्रभाननं आजवर लोकांच्या छातीतल्या गाठी फक्त पाहिल्या होत्या. फोटो डॉक्टरांकडे जायचा, माणूस नागपूरला जायचा, आणि पुढे त्याचं काय झालं ते चंद्रभानला कधी कळायचं नाही. त्याला एकदा तरी त्या पुढच्या खोलीत उभं राहायचं होतं.

तास सुटल्यावर हीना त्याच्या बाकाशी आली. बडनेऱ्याची पोरगी, वर्गात हुशार, फक्त आजारपणानं वर्षाची परीक्षा बुडालेली.

“काका, तुमी पाठ करून राहिले ना?”

“मंग काय करू बेटा? डोक्यात शिरतच नाई.”

“शाळेत प्रवेग बदलत नव्हता, म्हणून पाठ करून जमे. इथं तो दर घडीले बदलते. म्हणून वेळेचे बारीक बारीक तुकडे करायचे. इतके बारीक, का त्या एका तुकड्यात त्याले बदलाले जागाच नाई राहिली पाहिजे. अन् मंग सारे तुकडे जोडायचे. बस, इतकंच हाय.”

तिच्यापुढं ते इतकंच वाटलं. बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरेपर्यंत मात्र तुकडे विखुरले होते. डब्यातले गज हाताला भाजत होते. चंद्रभान पुस्तक उघडून ओठ हलवत बसला, पुन्हा पाठच करत.

त्या आठवड्यात, दवाखान्यातल्या संध्याकाळच्या पाळीला ते घडलं. पातूरकडचे देवमन नावाचे म्हातारे मनगट सुजवून आले होते. चंद्रभाननं त्यांचा हात प्लेटवर ठेवला, आत जाऊन बटण दाबलं. ओठांवर सूत्र होतं.

म्हातारे हळूच म्हणाले, “साहेब, दुखते तो हात हा नोहे.”

त्यानं उजव्याचा फोटो काढला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं माफी मागितली, डावा हात नीट ठेवला, पुन्हा फोटो काढला. कोणी रागावलं नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक पेशंटला त्यानं दोन-दोनदा विचारलं, दुखतंय ते कुठे. हेच त्या मोठ्या मशीनवर झालं असतं तर?

“सोडतो मी हा कोर्स,” घरी येऊन तो ललिताला म्हणाला.

ललिता गहू निवडत होती. “सोडा. माहं काई म्हणणं नाई. पण चुकले म्हणून सोडून राहिले का भेले म्हणून, तेवढं सोताले इचारा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळची गाडी पकडली.

परीक्षेच्या दिवशी कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. पहिलाच प्रश्न ओळखीचा निघाला: काठी फिरवायला किती जड जाईल, ते काढा. हे पाठ होतं. भराभर लिहून तो उत्तरापर्यंत आला आणि प्रश्न पुन्हा वाचला. काठी पाठ केलेल्या उदाहरणासारखी मधोमध नाही, टोकाशी धरलेली होती.

पुढचे दोन प्रश्न पाठ केल्यातलेच होते. हा सोडला असता तर पास होण्यापुरतं जमलं असतं. पण या प्रश्नावरून पेन उचलवेना. त्यानं सगळं खोडलं. काठीचा एक बारीक तुकडा घेतला. त्याचं वजन किती, तो टोकापासून किती लांब. मग दुसरा. मग सगळे जोडायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, आणि त्यानं ते पाठ केलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं. बरोबर चौपट. काठी तीच, वजन तेच, पण टोकाशी धरली तर चौपट जड. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो एकटाच हसला.

बेल झाली तेव्हा दुसरा प्रश्न अर्धा राहिला होता आणि तिसऱ्याला हातही लागला नव्हता.

निकाल लागला. हीना पास झाली, तो नाही. ती अवघडून उभी राहिली. चंद्रभाननंच कँटीनमधून तिच्यासाठी कचोरी आणली. दवाखान्यातून नागपूरला कोणी दुसरा जाणार, हे त्याच दुपारी फोनवर कळलं.

घरी पोचला तेव्हा ललिता पोळ्या लाटत होती. त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं गॅस बारीक केला.

“चौपट झालं म्हणा सारं.”

“हो, चौपटच,” तो म्हणाला, आणि तिच्या शेजारी पाटावर बसला. “घे ते लाटणं. मधात धर अन् फिरव.”

“काहून?”

“फिरव तं खरं.”

तिनं फिरवलं.

“आता टोकाले धर.”

पिठाच्या बोटांनी तिनं लाटण्याचं टोक पकडलं आणि मनगट वळवलं. एकदा, मग पुन्हा, जरा सावकाश. तव्यावरची पोळी करपायला लागली होती.

“जड लागते,” ती म्हणाली. “काहून लागते?”

चंद्रभाननं परातीतलं थोडं पीठ पोळपाटावर पसरलं आणि बोटानं काठी काढली.