घड्याळापासून दुसरा खांब

सकाळी ओळंबासाहेबांचा फोन आला तेव्हा आर्किटेक्टबाईच्या हातात चहाचा कप होता आणि डोकं भलतीकडेच होतं. या नव्याने वसवलेल्या गावाची सगळी आखणी साहेबांची. रेषा जरा वाकडी गेली की त्यांना चैन पडायची नाही, म्हणून लोकांनी त्यांना गवंड्याच्या ओळंब्याचं हे नाव ठेवलेलं. त्यांच्याच हट्टापायी तिने चौकाच्या दोन्ही अंगांना सारख्या कमानी आणि सारखे दगडी खांब काढले होते. एक खांब वरच्या घरांचं ओझं पेलणारा, शेजारचा नुसता शोभेचा, आतून पोकळ. बाहेरून दोघांना एकाच दगडाचं कातडं. "कोण राबतोय आणि कोण मिरवतोय, बघणाऱ्याला कळता कामा नये," असं साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

"कारंज्याचं पात्र आलंय," साहेब म्हणाले. "ट्रक कमानीतून आत शिरत नाही. शोभेचा एक खांब तेवढा काढून घेतो. कुठला काढू?"

"घड्याळाच्या मनोऱ्यापासून दुसरा. खुशाल काढा."

कुठल्या अंगाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दोन्ही अंगं सारखी, तर विचारायचं काय? तिने चहा संपवला आणि कामाला लागली.

दुपारी आईचा फोन आला. आई चौकातच, कमानींच्या वरच्या घरात एकटी राहायची.

"अगं, काय ठोकाठोक लावलीय माझ्या खाली! फळीवरच्या बरण्या नाचायला लागल्यात."

"तुझ्या खाली?"

"मग काय तर! जिन्याजवळचाच खांब फोडतायत."

जिना म्हटल्याबरोबर तिला आठवलं. आईचे गुडघे धरलेले. दुकानं जवळ पडावीत म्हणून त्या अंगाचा जिना तिनेच मनोऱ्याकडे सरकवला होता. त्यापायी तिथल्या खांबांची अदलाबदल झाली होती. समोरच्या अंगाला दुसरा खांब पोकळ, आईच्या अंगाला मात्र तोच दुसरा खांब भरीव. हे तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानात असायचं कारण नव्हतं, आणि सकाळी ते नेमकं तिच्याच ध्यानात नव्हतं.

"आई, आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड!"

"कशाला उन्हात? मुकादमाला विचारलंय मी. तो म्हणाला, मॅडमनीच सांगितलंय, खांब पोकळ आहे. उगाच घोर लावून घेऊ नकोस." आणि आईने फोन ठेवला.

पुन्हा लावला तर ती उचलेना. साहेबांचा फोन लागेना. मुकादमालाही लावला, पण त्या आवाजात त्याला ऐकू येत नसणार. ती चपला न घालताच धावत सुटली. रस्ता तापलेला होता, पण तिला ते जाणवलं नाही. पेललेलं सगळं ओझं आता कुठल्या तुळईवर गेलं असेल, ती किती वेळ तग धरेल, याचा हिशेब डोक्यात आपोआप चालला होता आणि तो ज्या उत्तराकडे निघाला होता ते तिला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला हे काही येत नसतं तर बरं झालं असतं.

"थांबवा! मशीन थांबवा!"

यंत्र थांबलं. खांब अर्ध्याहून जास्त कापलेला होता. आत ठासून भरलेलं काँक्रीट, कापल्या गेलेल्या सळया.

"भरीव लागलं तेव्हाच मला शंका आली, मॅडम," मुकादम चाचरत म्हणाला. "पण साहेब म्हणाले, मॅडम चुकायच्या नाहीत."

वरच्या कमानीला चीर गेली होती आणि तिच्यातून बारीक भुगा सारखा गळत होता. तिने लोखंडी टेकू आणायला माणसं पिटाळली. जिन्यावर पाय ठेवण्यात अर्थ नव्हता, तो त्याच खांबाच्या जिवावर उभा. आई गॅलरीत येऊन उभी राहिली होती, हातात ओला पंचा.

"आई, गॅलरीच्या त्या टोकाला जा! शिडी लावतोय."

"शिडी? या गुडघ्यांनी? खांब पोकळ आहे ना, मग एवढा आटापिटा कशाला?"

ओळंबासाहेब धापा टाकत येऊन पोचले होते. "हळू बोला," ते कुजबुजले, "लोक जमलेत."

"आई, तो पोकळ नाही!" ती गळा फाटेस्तोवर ओरडली. "मी चुकीचा खांब सांगितला. मी चुकले!"

तोवर आई घाबरली नव्हती. आता तिच्या तोंडचं पाणी पळालं. पंचा खाली पडला. ती भिंतीला घासत, एकेक पाऊल चाचपत त्या टोकाला गेली आणि कठडा ओलांडून शिडीवर आली. मुकादम खालून तिचा पाय धरून एकेका पायरीवर टेकवत होता. ती जमिनीला लागते न लागते तोच मनोऱ्याकडची गॅलरी कण्हल्यासारखी कुरकुरली आणि जिन्यासकट खाली बसली. तोवर लागलेल्या टेकूंनी बाकीचं कसंबसं धरून ठेवलं.

संध्याकाळी आई लेकीच्या घरी होती. रागावली नाही, टोमणा मारला नाही. "चुकतं माणूस," एवढंच म्हणाली. जेवणही नीट जेवली. लेकीचाच जीव अजून थाऱ्यावर नव्हता. ती पुन्हा पुन्हा आईचा हात धरून बघत होती.

जेवण झाल्यावर आई सतरंजीवर बसली. भिंतीला टेकायला मागे झुकली आणि मध्येच थांबली. वळून तिने बोटाच्या पेराने भिंतीवर हलकेच वाजवून पाहिलं, कान लावून ऐकलं, पुन्हा एकदा वाजवलं.

हे घरही लेकीनेच बांधलेलं होतं.